पांढऱ्या दगडापलीकडे

दौलताबादच्या किल्ल्यासमोरच्या टांगा स्टँडवर त्या वर्षी सहा टांगे होते आणि त्यातला एक द्वारकाबाई हाकत होती. नवरा वारल्यावर दिरानं घोडी विकायची गोष्ट काढली, तेव्हा ही बाई दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः घोडी जुंपून स्टँडवर येऊन उभी राहिली. पहिले दोन-तीन महिने लोक हसले. मग सवय झाली. आता तिचं वय अठ्ठेचाळीस होतं. घोडी तांबूस, अकरा वर्षांची, नाव मैना. द्वारकाबाई तिला चाबूक लावत नसे. जिभेनं टक् केलं की मैना चालायची, दोनदा केलं की पळायची.

किल्ल्याच्या मागं, डोंगराच्या पायथ्याला, शेतं आणि राखीव जंगल यांच्या मधोमध गायरानाचा एक लांबट पट्टा आहे. निजामाच्या काळी तिथं बडे लोक शिकारीला येत, म्हणून म्हातारी माणसं त्याला अजून शिकारगाह म्हणतात. शिकार बंद होऊन जमाना झाला होता. पण रानडुकरांनी मक्याची उभी शेतं आडवी करायला सुरुवात केली, अर्जांवर अर्ज गेले, आणि वनखात्यानं त्या पट्ट्यापुरते डुक्कर मारायचे परवाने द्यायचं ठरवलं. पहिल्या हिवाळ्यात लोक जीपा घेऊन घुसले. एक गाभण गाय मेली, एका गुराख्याच्या पोटरीत छर्रे गेले. त्यामुळं दुसऱ्या वर्षी नवा आदेश निघाला.

तो आदेश वाचून दाखवायला सुलेखा स्टँडवर आली होती. ती त्या भागाची वनरक्षक. तिशीतली, उंच, अंगावर खाकी, पायात नेहमी धुळीनं भरलेले बूट.

"मोटार, ट्रॅक्टर, फटफटी, काहीच आत न्यायचं नाही," ती म्हणाली. "बैलगाडी किंवा घोडागाडी चालेल, पण फक्त मेलेलं डुक्कर आणायला. गाडीवाट सोडायची नाही. गाडीवर भरलेली बंदूक ठेवायची नाही. गाडीवरून गोळी झाडायची नाही. पांढरे दगड दिसले की तिथून पुढं राखीव जंगल, तिकडं चाक जाता कामा नये. आणि दिवस मावळायच्या आत बाहेर."

"आन् बसलेला माणूस म्हणला, घाल तिकडं, तर?" एका टांगेवाल्यानं विचारलं.

"गाडी कुठं गेली त्याला हाकणारा जबाबदार," सुलेखा म्हणाली. "बसणारा नाही. म्हणून तर तुम्हाला सांगायला आले."

बाकीच्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं की शिकारीची सवारी घ्यायचीच नाही. द्वारकाबाईनंही मनात तेच ठरवलं होतं. पण जानेवारीत एका सकाळी विश्वजीत तिच्या टांग्यापाशी येऊन थांबला. त्याची जमीन त्या पट्ट्याला लागून होती. तो स्वतः राहायचा शहरात, चिकलठाण्याच्या कारखान्यांना माणसं पुरवायचा, आणि शेतावर सुट्टीला यायचा. वय पस्तीसच्या आतबाहेर. मैनेची पत्र्याची पागा त्याच्याच बांधावर उभी होती, त्याच्या वडलांनी दिलेल्या तोंडी परवानगीवर.

"मावशी, घोडी जुंपलेलीच दिसतेय. चला, डुक्कर आणायचंय," तो म्हणाला.

"मालक, मला ते काम नको. दुसरं कुणी बघा."

"दुसरे येत नाहीत म्हणून तर तुमच्याकडं आलो. आणि पागा काढ म्हणून मी कधी म्हणालोय का?"

तो हे हसतच म्हणाला. द्वारकाबाई थोडा वेळ मैनेच्या मानेवरून हात फिरवत राहिली.

"वाट सोडणार नाय मी," ती म्हणाली. "आन् बंदूक रिकामी."

"मान्य."

त्याच्याबरोबर कडुबा होता. तीस वर्षं त्यांच्याच शेतावर राबलेला गडी, साठीकडं झुकलेला, कमी बोलणारा. दुनळी बंदूक विश्वजीतच्या नावावर होती, परवान्यावर दोघांचीही नावं होती, पण नेम कडुबाचा. काडतुसांची कापडी पिशवी त्यानं कमरेला बांधली होती. टांग्यात चढताना त्यानं बंदूक मधल्या सांध्यात वाकवून उघडली आणि दोन्ही नळ्या द्वारकाबाईला दाखवल्या.

"बघा बाई. रिकामी हाय."

गाडीवाटेनं ते आत गेले. ऊन नुकतं चढत होतं. गवत वाळून पिवळं पडलेलं, मध्ये मध्ये बोरी-बाभळी. नाल्यापाशी कडुबानं टांगा थांबवायला लावला, खाली उतरला, काडतुसं भरली आणि एकटाच वाकून चालत गेला. अर्धा तास गेला असेल. मग लागोपाठ दोन बार झाले. मैनेनं कान मागं टाकले, जागच्या जागी पाय आपटले, पण उभी राहिली.

डुक्कर मध्यम होतं. पहिल्या गोळीनं त्याचा जबडा फुटला होता आणि दुसरी मानेत बसली होती. कडुबा आणि विश्वजीत त्याला पाय धरून ओढत घेऊन आले. मागच्या बैठकीच्या फळ्यांवर ते चढवताना रक्ताची धार पावदानावरून खाली गळत राहिली. मैनेला तो वास सहन होत नव्हता. ती मान झटकत होती, तोंडाला फेस आणत होती. द्वारकाबाई तिच्या तोंडाशी उभी राहून बोलत राहिली.

"झालं गं. झालं. आता घरी."

परत निघताना विश्वजीत पुढं, द्वारकाबाईच्या शेजारी बसला. बंदूक त्याच्या मांडीवर होती. कडुबा मागं, मेलेल्या डुकराशेजारी पाय दुमडून. विश्वजीत चिडलेला होता. "प्रत्येक वेळी तूच मारायचं," असं तो कडुबाला एकदा म्हणाला. चढतानाच त्यानं कडुबाच्या पिशवीतून दोन काडतुसं मागून घेतली होती. नळीत ती कधी सरकवली, ते द्वारकाबाईला दिसलं नाही. तिचं सगळं लक्ष घोडीवर होतं.

नाल्याच्या वळणावर एकल बाहेर आला. कळपातून फुटून एकट्यानं राहणारा म्हातारा नर, खांद्याला गाढवाएवढा, सुळे वर वळलेले. तो वाट ओलांडून जंगलाच्या दिशेनं सावकाश पळत निघाला.

"घाल त्याच्या मागं," विश्वजीत म्हणाला.

"नाय मालक."

"घाल म्हणतो ना."

"वाट सोडायची नाय असं ठरलं व्हतं."

विश्वजीतनं कोपर उचललं आणि तिच्या तोंडावर मारलं. तिचा ओठ दातांवर चिरडला. ती सावरायच्या आत त्यानं लगाम हिसकला, कोपऱ्यात नुसता शोभेला खोचलेला चाबूक ओढला आणि मैनेच्या पाठीवर एकामागून एक तीन-चार फटके घातले. अकरा वर्षांत त्या घोडीनं असा मार खाल्ला नव्हता. ती उधळली. टांगा वाट सोडून गवतात शिरला.

"छोटे मालक, थांबवा," कडुबा मागून ओरडला. "पुढं दगड हायेत."

द्वारकाबाईनं एका हातानं बैठकीची कड धरली होती, दुसऱ्यानं लगाम ओढायला बघत होती. विश्वजीतनं तिचा हात चाबकाच्या मुठीनं दोनदा ठेचला. एकल आता वीसेक पावलांवर होता. विश्वजीतनं चाबूक टाकला, लगाम डाव्या हाताच्या बोटांना गुंडाळून घेतला आणि दोन्ही हातांनी बंदूक उचलली. मैनेच्या कानाच्या अगदी शेजारून बार झाला.

एकल मागच्या पायांवर बसला, पुन्हा उठला आणि बोरींच्या जाळीत शिरला. मैना डावीकडं झेपावली. लगामाला हिसका बसला आणि विश्वजीतच्या दोन बोटांची कातडी मोजा काढावा तशी सोलून निघाली. त्याची किंकाळी आणि चाकाचा आवाज एकदमच झाला. डावं चाक पांढऱ्या दगडावर चढलं होतं. टांगा उलटला.

द्वारकाबाई फेकली गेली ती गवतात पालथी पडली. तोंडात माती आणि रक्त. कानात नुसता सूं आवाज. तिनं मान वर केली तर टांगा आडवा पडलेला, वरचं चाक अजून फिरत होतं. कडुबा त्याच्या खाली होता. उजवा पाय गुडघ्याखाली चाकांच्या लोखंडी आसाखाली सापडलेला, मेलेलं डुक्कर छातीवर आलेलं. मैना दोन दांड्यांमध्ये कुशीवर पडली होती. तिचा पुढचा पाय गुडघ्याखाली मोडून हाड बाहेर आलं होतं. एक दांडी तुटून तिचं टोक तिच्या छातीत खुपसलं होतं. ती उठायला बघत होती, आणि ती एकेकदा अंग टाकायची तेव्हा सगळा टांगा हलायचा आणि आस कडुबाच्या पायावर पुढं-मागं घासायचा. कडुबा दर वेळी गुरासारखा आवाज काढत होता.

"बाई," तो म्हणाला. "घोडीला गप करा. घोडीला गप करा."

द्वारकाबाई रांगत मैनेपाशी गेली. मानेवर हात ठेवला, नेहमीसारखं बोलली. मैनेला काही ऐकू येत नव्हतं. डोळे पांढरे झाले होते. तिनं पुन्हा लाथा झाडल्या आणि कडुबाच्या पायाचं हाड मोडल्याचा आवाज द्वारकाबाईला स्पष्ट ऐकू आला.

विश्वजीत दहा पावलांवर उभा होता. सोललेला हात पोटाशी धरलेला, दुसऱ्या हातात बंदूक. त्याचं लक्ष बोरींच्या जाळीकडं होतं. आतून घुरघुर येत होती.

"मालक," द्वारकाबाई म्हणाली. "घोडीला गोळी घाला."

"एकच राहिलीय."

"तीच घाला. तो माणूस मरंल."

"तो जिवंत आहे तिथं," विश्वजीत जाळीकडं मान करून म्हणाला. "बाहेर आला तर? मी काय करू?"

"काडतुसं हायेत ना पिशवीत."

"पिशवी त्याच्या अंगाखाली आहे. तू काढ जा."

कडुबानं पिशवी काढायला हात घालून पाहिला. डुकराचं ओझं छातीवर, कमरेखाली हात जाईना. मैना पुन्हा धडपडली. ह्या वेळी कडुबाचा आवाज निघाला नाही, नुसतं तोंड उघडलं.

द्वारकाबाई उठली. गवतात पडलेला चाबूक तिनं उचलला, जाड बाजू पुढं धरली आणि चालत विश्वजीतपर्यंत गेली. तिच्या मनात काय आहे हे त्याला कळलंच नसावं, कारण तो मागं सरला नाही. तिनं सगळा जोर लावून त्याच्या सोललेल्या हातावर चाबकाची मूठ हाणली. तो खाली बसला. तिनं दुसरा तडाखा त्याच्या कानावर घातला, तिसरा दंडावर, आणि बंदूक सुटेपर्यंत ती मारत राहिली. आयुष्यात तिनं कुणावर हात उचलला नव्हता. नंतर तिला आठवायचं की त्या वेळी तिला राग आला नव्हता, नुसती घाई होती.

ती बंदूक घेऊन वळली आणि एकल जाळीतून बाहेर आला.

त्याचा मागचा पाय लोंबत होता, पण पुढच्या दोन पायांवर तो अंग फेकत येत होता. तो आधी मैनेवर गेला. धडपडणारं जनावर त्याला आधी दिसलं असेल. त्यानं खाली मुंडी घातली आणि सुळा मैनेच्या पोटात घालून वर उचकटला. मैनेच्या तोंडून निघालेला आवाज द्वारकाबाईनं त्याआधी कधी ऐकला नव्हता. विश्वजीत उठला आणि शेताच्या दिशेनं पळाला. एकदाही मागं न बघता तो पळाला, हात पोटाशी धरून, गवतातून ठेचकाळत.

एकलानं मुंडी वर केली. आता त्याच्यासमोर कडुबा होता, चार हातांवर.

"दस्ता खांद्याला दाबा," कडुबा म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण शब्द नीट होते. "पुढच्या चापाची गोळी उडालीय. मागचा वढायचा. जवळ येऊ द्या. कानामागं."

द्वारकाबाई कडुबाच्या आणि जनावराच्या मध्ये जाऊन उभी राहिली. दस्ता खांद्याला दाबला. एकल आला तेव्हा तिला त्याच्या नाकावरचे रक्ताचे बुडबुडे दिसत होते. तिनं मागचा चाप ओढला. धक्क्यानं ती उताणी पडली आणि एकल तिच्या पायांवर येऊन आदळला. सुळ्यानं तिची मांडी वीतभर फाडली. तिनं पडल्या पडल्या बंदुकीचा दस्ता त्याच्या डोळ्यावर हाणला, पुन्हा हाणला, पण तो आता हलत नव्हता. डोक्याचा अर्धा भाग गेला होता.

ती त्याच्या खालून निघाली. गोळी संपली होती आणि मैना अजून जिवंत होती. पोटातलं बाहेर आलं होतं, तरी पाय झाडत होती, आणि प्रत्येक झटक्याला टांगा हलत होता.

बैठकीखाली गवत कापायचा कोयता असायचा. तो पलीकडं फेकला गेला होता. द्वारकाबाईनं तो शोधून आणला. मैनेच्या डोक्याशी बसली, पदराचं टोक तिच्या डोळ्यावर टाकलं. जबड्याखाली जिथं शीर उडताना हाताला लागते ती जागा तिला ठाऊक होती. रोज खरारा करताना हात तिथून जायचा. पहिला घाव हलका बसला, कारण तिचा हात आखडला. दुसऱ्यांदा तिनं दोन्ही हातांनी धरला. रक्त तिच्या कोपरापर्यंत आलं, गरम. ती पदर तसाच धरून बसली. मैनेला शांत व्हायला वेळ लागला, पण झाली.

मग तिनं पट्टे कापले. मेलेलं डुक्कर ढकलून कडुबाच्या छातीवरून उतरवलं. तुटलेली दांडी मैनेच्या छातीतून ओढून काढली, ती आसाखाली घातली, एका दगडावर टेकवून वर उचलली आणि पाठीनं तोलून धरली. "सरका," ती कडुबाला म्हणाली. तो कोपरांवर सरकला. पाय त्याच्या मागं चिंधीसारखा आला. तिनं लगामाचं चामडं त्याच्या मांडीला आवळून बांधलं, आणि स्वतःच्या मांडीला लुगड्याची पट्टी.

सुलेखा पोचली तेव्हा ती दोघं पांढऱ्या दगडाला टेकून बसली होती. आधीचे दोन बार तिनं ऐकले होते आणि ते ठीक होतं. नंतरचे दोन राखीव जंगलाच्या बाजूनं आले, म्हणून ती पळत आली होती. तिनं आधी मैनेकडं पाहिलं, मग द्वारकाबाईच्या हातांकडं.

"मावशी, हे कुणी केलं?"

"घोडीला मी मारलं," द्वारकाबाई म्हणाली. "बाकीचं समदं त्यानं."

शहरातल्या घाटी दवाखान्यात कडुबाचा पाय गुडघ्याखाली कापला. द्वारकाबाईच्या मांडीला एकवीस टाके पडले. ती चार दिवसांनी बाहेर आली तेव्हा तिला कळलं की विश्वजीतनं पहिल्याच दिवशी जबाब दिला होता: घोडी बुजली, बाईला आवरली नाही, टांगा दगडांपलीकडं गेला आणि उलटला. मग डुक्कर अंगावर आलं, तेव्हा कडुबाला वाचवायला म्हणून मी जमिनीवर उभं राहून दोन गोळ्या झाडल्या आणि मदत आणायला धावलो. बोटं चाकात सापडली.

सुलेखानं पंचनाम्यात दोन गोष्टी लिहिल्या होत्या. एक म्हणजे पांढऱ्या दगडाच्या चाळीस पावलं अलीकडं, चाकांच्या दोन माग-रेषांच्या मधोमध, तिला काडतुसातून गोळीबरोबर उडणारं प्लास्टिकचं बूच सापडलं होतं. म्हणजे गोळी टांगा उलटायच्या आधी, चालत्या टांग्यावरून झाली होती. दुसरी म्हणजे विश्वजीतची बोटं चिरडलेली नव्हती, सोललेली होती.

"लगाम बोटाला गुंडाळून धरायचा नसतो," द्वारकाबाई तिला म्हणाली. "शेंबडं पोर बी धरत नाय. घोडं उधळलं तर बोटं जातात. मी हाकत असते तर माझी गेली असती."

तिनं आपले हात पुढं केले. मनगटावर आणि बोटांच्या पेरांवर चाबकाच्या मुठीचे निळे डाग होते. सुलेखानं त्यांचे फोटो घेतले. पण ती म्हणाली, "मावशी, तिथं तुम्ही तिघंच होता. कडुबाचा जबाब लागेल. आणि त्यानं काल जबाब दिला, की बाईच हाकत होती."

 द्वारकाबाईनं बस पकडली, घाटीत गेली, आणि लंगडत कडुबाच्या वॉर्डात शिरली. त्याची बायको आवडाबाई उशाशी बसली होती. द्वारकाबाईला पाहून ती उठली आणि पाया पडायला वाकली.

"पाया नको पडू," द्वारकाबाई म्हणाली. "कडुबा, मी हाकत व्हते का?"

कडुबानं तोंड भिंतीकडं केलं.

"तीस वर्षं त्यांचं मीठ खाल्लंय, बाई. आता ह्या पायानं मी कुठं जाऊ? खोली त्यांचीच हाय."

"माझी पागा बी त्यांच्याच बांधावर हाय."

"मला काय आठवत नाय."

तिला वाटलं, ह्याच्या उरलेल्या पायावर हातातली पिशवी आपटावी.  आवडाबाईनं तिचा दंड धरला आणि ती काही न करता परत आली. घरी पोचली तर विश्वजीतच्या माणसांनी पागेचे पत्रे काढून रस्त्यावर फेकले होते. गव्हाण फोडली होती. तिनं पत्रे एकटीनं उचलून घराच्या भिंतीला लावून ठेवले. मुकुंदवाडीहून तिचा भाऊ बन्सी न्यायला आला. "चल माझ्याकडं," तो म्हणाला. ती गेली नाही.

त्या महिन्यात आणखी एक गोष्ट झाली. आदेश बदलला. शिकारीचे परवाने बंद झाले. पट्ट्यात आता घोडागाडी, बैलगाडी, काहीच न्यायचं नाही, असं पत्रक चिकटलं. त्या वाटेनं वैरण आणणारी माणसं द्वारकाबाईला बोल लावू लागली. एकानं भर बाजारात तिला म्हटलं की तुझ्यापायी आमची वाट गेली. तिनं हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या गचांडीला धरून त्याला टपरीच्या पत्र्यावर आपटलं. लोकांनी सोडवलं. त्या दिवसानंतर तिला कुणी तोंडावर बोललं नाही, आणि मागं बोललेलं तिनं मनावर घेतलं नाही. तिनं वनखात्याच्या ऑफिसात जाऊन लेखी अर्ज दिला: वैरणीच्या गाड्यांना वाट मोकळी ठेवा, गुन्हा बंदुकीचा आहे, चाकाचा नाही. तो अर्ज सुलेखानं लिहून दिला होता. उन्हाळ्याच्या तोंडी वैरणीपुरती वाट पुन्हा उघडली. शिकारीचे परवाने मात्र बंदच राहिले.

कडुबानं जबाब बदलला तो वाट उघडायच्या आधी, फेब्रुवारीच्या शेवटी. ते कसं झालं हे द्वारकाबाईला आवडाबाईकडून कळलं. विश्वजीत दवाखान्यात आला होता, पहिल्यांदाच, फळं घेऊन. कडुबाला घरी सोडायचा दिवस होता. विश्वजीत खाटेवर बसला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "कडुबा, शेवटची गोळी मी फक्त तुझ्यासाठी राखली होती. झाडली नसती तर तू आज नसता."

कडुबानं खांद्यावरचा हात बाजूला केला. "छोटे मालक," तो म्हणाला, "ते दुसऱ्याला सांगा. मी तितंच व्हतो. मागचा चाप वढा, असं मीच तिला सांगितलं."

विश्वजीत म्हणाला, "तू शुद्धीवर नव्हतास."

"व्हतो," कडुबा म्हणाला. "तुमची पाठ बघितली मी."

त्याच दुपारी त्यानं आवडाबाईला सुलेखाला फोन लावायला सांगितला. विश्वजीतला अटक झाली, जामीनही झाला. बंदूक जमा झाली, तारखा सुरू आहेत. कडुबा आणि आवडाबाईला खोली सोडावी लागली. ती दोघं आता गावातच, आवडाबाईच्या चुलतभावाच्या घरी राहतात.

एप्रिलात स्टँडवरच्या एका म्हाताऱ्या टांगेवाल्यानं आपला टांगा द्वारकाबाईला चालवायला दिला. घोडं काळपट होतं, तोंडाचं जड, सारखं उजवीकडं ओढणारं. एक दिवस कडुबा कुबड्यांवर तिथं आला. कोर्टाची तारीख होती, त्याला शहरात जायला फाट्यावर बस धरायची होती. बाकीचे टांगे सवारी घेऊन गेले होते. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग द्वारकाबाई खाली उतरली, त्याच्या कुबड्या घेतल्या आणि त्याला काखेत धरून वर बसवलं. तो मागं न बसता पुढं बसला, कारण मागं चढणं त्याला जमत नव्हतं.

टांगा फाट्याच्या वाटेला लागला. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता.

"बाई," कडुबा म्हणाला. "एक इचारू?"

"इचारा."

"माझ्या जागी मैना वाचली असती तर बरं झालं असतं, असं वाटतं का तुम्हाला?"

द्वारकाबाईनं घोड्याला सरळ केलं. ती विचार करत होती, आणि खोटं बोलायची तिची इच्छा नव्हती.

"व्हय," ती म्हणाली. "कधी कधी."

कडुबानं मान हलवली. त्याला ते उत्तर पटलेलं दिसलं. फाट्यावर उभी असलेली बस लांबूनच दिसली. द्वारकाबाईनं जिभेनं दोनदा टक् केलं. ह्या घोड्याला ते कळत नव्हतं, म्हणून तिनं लगाम हलकेच झटकला आणि ते पळायला लागलं.